हजेरीतले नाव, हाकेचे नाव आणि मुलांची तब्येत

तुमच्या मुलाला किंवा मुलीला वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? हजेरीपटावरचे नाव मी विचारत नाही, ते तुम्हीच दिलेले आहे. मधल्या सुट्टीत, मैदानावर, एसटीच्या मागच्या सीटवर आणि कधी कधी फळ्यासमोर उभे असताना त्याला जे नाव ऐकू येते, त्याबद्दल विचारतो आहे.

माझ्या ओपीडीत शाळेत जाणारे मूल आले की हा प्रश्न मी नेमाने विचारतो. वजन, उंची, भूक, शी, झोप आणि मग, "शाळेत तुला काय म्हणतात रे?" आईवडील बहुतेक वेळा हसतात. डॉक्टर पोराशी गप्पा मारत आहेत, असे त्यांना वाटते. मूल मात्र आधी आईकडे बघते, मग जमिनीकडे. त्या जमिनीकडे बघण्यात मला पुष्कळदा निम्मी केस कळते.

टोपणनावाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आपल्या जिल्ह्यात तर तसा विरोध कोणी करूच नये. २०२३ साली ३१ मे रोजी चोंडीत घोषणा झाली, पुढच्या वर्षी सरकारी मंजुरी आली आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पण पारनेरच्या स्टँडवर उभा माणूस आधीही "नगरला चाललो" म्हणत होता आणि आजही तेच म्हणतो. राळेगणसिद्धीचे किसन बाबूराव हजारे कोण, असे विचारले तर क्षणभर विचार करावा लागेल; अण्णा म्हटले की सगळा देश ओळखतो. शिर्डीच्या साईबाबांचे मूळ नाव तर कोणालाच ठाऊक नाही. म्हाळसापतींनी "आओ साई" म्हटले आणि तेच नाव राहिले, असे सांगतात. प्रेमाने दिलेले आणि आनंदाने घेतलेले नाव माणसाला चिकटते आणि शोभतेही.

पण आपली भाषा फार हुशार आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे, आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एका मात्रेचा फरक. शाळेत जे चालते ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असते.

वर्गाने आधीच केलेले निदान

चौथीतला एक मुलगा आईबरोबर आला होता. तक्रार काय, तर अशक्तपणा आणि चिडचिड. बरोबर त्याची मोठी बहीण होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगा गप्प. बहीण पटकन म्हणाली, "त्याला टाकी म्हणतात सगळे." का? "सारखं पाणी पितो. स्वतःची बाटली संपली की दुसऱ्यांची पितो. आणि सारखा लघवीला जातो, म्हणून बाई पण ओरडतात." हे नाव कधीपासून पडले, असे विचारले. "तीनेक आठवडे झाले."

मी तिथेच बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली. ४३८ आली. हा टाइप १ मधुमेह होता, म्हणजे लहान मुलांत होणारा, इन्सुलिन बनणेच थांबल्यामुळे होणारा. त्याच दिवशी त्याला नगरला भरती केले. आणखी चार दिवस गेले असते तर उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी, अशा अवस्थेत तो आला असता आणि ती अवस्था जिवावर बेतू शकते. मोठ्यांनी उन्हाळा आहे म्हणून सोडून दिले होते. वर्गातल्या पोरांनी मात्र तीन आठवडे आधीच लक्षण ओळखून त्याला नाव देऊन टाकले होते.

तेव्हापासून मी टोपणनावे जास्त लक्ष देऊन ऐकतो. मुले फार बारीक निरीक्षक असतात. त्यांना कारण कळत नाही, दया येत नाही, पण वेगळेपण पहिल्यांदा त्यांनाच दिसते. तुम्ही घरी ऐकाल अशी काही नावे घेऊन मी त्यांच्यामागे काय असू शकते ते सांगतो.

'बहिऱ्या' किंवा 'बधीर'. सर्दी-खोकला वारंवार होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचते. कान दुखत नाही, वाहत नाही, फक्त ऐकू कमी येते. मूल टीव्हीचा आवाज मोठा करते, हाक मारली की दुसऱ्यांदा वळते. कानाच्या डॉक्टरांकडे साध्या तपासणीत हे कळते आणि बहुतेकांचे बरे होते. 'बधीर' नावामागे आणखी एक गोष्ट दडलेली असू शकते. काही मुले बोलता बोलता, लिहिता लिहिता पाच-दहा सेकंद नुसती टक लावून बघतात, हाकेला उत्तर देत नाहीत आणि मग काही झालेच नाही असे पुढे चालू करतात. दिवसातून अनेकदा. मास्तरांना वाटते लक्ष नाही. हा फिटचा एक प्रकार असतो. हातपाय न झाडणारी फिट. मेंदूचा आलेख काढला की समजते आणि औषधाने उत्तम आटोक्यात येते.

'शेंबड्या', 'घोरणारा', 'तोंडवाशा'. नाकामागच्या गाठी वाढल्या, म्हणजे ज्याला ॲडिनॉइड म्हणतात, की मूल तोंडाने श्वास घेते, रात्री घोरते आणि दिवसा वर्गात पेंगते. मग त्यालाच 'झोपाळू' असे दुसरे नाव मिळते. आजार एक, नावे दोन.

'टिंगू', 'बुटक्या'. घरातले सगळेच बुटके असतील तर काळजी नसते. पण चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल तर तपासायला हवे. थायरॉइड, आतड्याचा गव्हाची ॲलर्जी असल्यासारखा आजार, वाढीच्या हार्मोनची कमतरता, मुलींमध्ये टर्नर नावाची जन्मजात अवस्था, अशी बरीच कारणे आहेत. यातल्या काहींवर उपचार वेळेतच करावा लागतो. वय निघून गेले, हाडांची टोके जुळली, की मग काही करता येत नाही. म्हणून दर वाढदिवसाला दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढा. फुकटची तपासणी आहे.

'पांढरी पाल' हे नाव मी दोन वेगळ्या मुलींच्या बाबतीत ऐकले आहे. एकीला कोड होते. कोड संसर्गजन्य नाही, तो कुष्ठरोग नाही, तिच्या डब्यातले खाल्ल्याने काहीही होत नाही, हे तुमच्या मुलांना सांगा. दुसरीचे हिमोग्लोबिन सहा होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यामुळे दुसरी मुलगी अपवाद नव्हती, तिचा रंग गोरा असल्यामुळे ते फक्त जास्त दिसले.

आणि 'ढ'. एका अक्षराचे हे नाव सगळ्यात जुने आणि सगळ्यात वाईट. तोंडी सगळे सांगणारे पण वाचताना अडखळणारे, 'ब' आणि 'व'मध्ये घोळ घालणारे, पाढे पाठ असून लिहिताना चुकणारे मूल ढ नसते. ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले तर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. पण ही तपासणी कोणी केव्हा करायची? 'ढ' म्हणून झाले की शोध तिथेच थांबतो. टोपणनावाचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा तोटा हाच. नाव मिळाले की सगळ्यांना वाटते, समजले.

सोमवारची पोटदुखी

ब्रिटनमध्ये १९५८ साली ॲप्ली आणि नेश या डॉक्टरांनी एक हजार शाळकरी मुले तपासली. दर दहांतल्या एकाला वारंवार पोट दुखण्याचा त्रास होता आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांत शारीरिक कारण सापडले नाही. आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. बेंबीजवळ दुखते, सकाळी दुखते, रविवारी दुखत नाही, दिवाळीच्या सुट्टीत तर अजिबात नाही. सोनोग्राफी नॉर्मल. जंताचे औषध तीनदा देऊन झालेले.

हे दुखणे खोटे नसते, हे कृपया लक्षात घ्या. आतड्याला स्वतःच्या मज्जातंतूंचे मोठे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत बोलत असते. परीक्षेच्या सकाळी तुम्हालाही संडासला पळावे लागले असेल, तेच हे. मुलाला "नाटक करू नको" म्हटले की त्याचे दुखणे थांबत नाही, फक्त सांगणे थांबते.

रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, शौचात रक्त, हिरवी उलटी, ताप, किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काही असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठा. शाळेचा विचार नंतर.

तोतरे बोलणाऱ्या मुलांचा त्रास तर हजेरीपासूनच सुरू होतो. बाकीचे शब्द अडले तर ती युक्तीने दुसरा शब्द वापरतात. 'पाणी' अडले तर 'तहान लागली' म्हणतात. पण स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द नसतो. म्हणून तोतरे बोलणाऱ्या असंख्य माणसांना जगातला सगळ्यात अवघड शब्द स्वतःचे नाव वाटतो. नवीन वर्ग, नवीन सर, "उभा राहून नाव सांग", आणि मागून 'तत-पप' चालू. तुमच्या मुलाच्या बाबतीत असे असेल तर वर्गशिक्षकांना जाऊन एवढेच सांगा: हजेरीला हात वर केला तरी चालू द्या, वाक्य मध्येच पूर्ण करून देऊ नका. अडीच ते पाच वर्षांत सुरू झालेले तोतरेपण बऱ्याच मुलांत आपोआप जाते. सहा-आठ महिने टिकले तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्या.

शाळेवर काही बंधन आहे का?

आहे. फार थोड्या पालकांना ते माहीत असते. शिक्षण हक्क कायदा, २००९, याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. मानसिक छळ म्हणजे काय, हे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत सविस्तर दिले आहे. मुलाला कमीपणा आणणारे टोमणे, अपमानकारक विशेषणांनी हाका मारणे, त्याच्या जातीवरून, आईवडिलांच्या धंद्यावरून, घरच्या परिस्थितीवरून किंवा आजारावरून हिणवणे, हे सगळे त्यात येते. म्हणजे सरांनी "ए ढब्ब्या" म्हणणे ही गंमत नाही, नियमभंग आहे. जातीवरून कोणी बोलले तर त्याहून गंभीर कायदे लागू होतात.

पण मुले एकमेकांना म्हणतात त्याचे काय? तिथे कायदा फार पुढे जाऊ शकत नाही आणि जाऊही नये, असे मला वाटते. "आमच्या शाळेत टोपणनावांना बंदी" अशी पाटी लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. पाटीखालीच मुले एकमेकांना हव्या त्या नावाने हाका मारत असतात. एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंची पद्धत मला जास्त पटली. त्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहायला सांगतात: मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल आणि कोणत्या नावाने आवडणार नाही. चिठ्ठ्या वर्गात वाचत नाहीत, स्वतःजवळ ठेवतात. पहिल्या ओळीत मुले 'पप्पू', 'दादा', 'माऊ' असे काहीही लिहितात, कोणी फक्त पूर्ण नाव लिहिते. खरी माहिती दुसऱ्या ओळीत असते. मग त्या स्वतः ते नाव कधी उच्चारत नाहीत आणि वर्गात ऐकले तर तिथेच थांबवतात. खुर्चीवरून एकदा घेतलेले टोपणनाव वर्षभर पुसत नाही, हे त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के खरे वाटते.

तुमच्या मुलाचा त्रास थांबत नसेल तर आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे तिथे तुमचेच कोणीतरी बसलेले असते. राज्यात २०२२ पासून 'सखी सावित्री' समित्याही नेमलेल्या आहेत. शाळेत तक्रारपेटी असते, ती उघडली जाते की नाही ते विचारा. मूल फारच खचले असेल, खाणेपिणे सोडले असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर थांबू नका. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही फोन फुकट आहेत.

घरातली चार नावे

आता थोडे तुमच्याकडे वळतो. बारशाला आत्या कानात सांगते ते एक, पत्रिकेतले एक, आधारवर तिसरे आणि घरात दिवसभर 'पिल्लू', 'गोलू', 'बाबू'. अंगणवाडीतून पहिलीत गेलेल्या कित्येक मुलांना हजेरीतले नाव आपले आहे हेच ठाऊक नसते. बाई नाव घेतात, हा खिडकीबाहेर बघतो. मग चिठ्ठी येते, "मुलगा लक्ष देत नाही, कान तपासून घ्या."

बाळ साधारण साडेचार महिन्यांचे झाले की स्वतःच्या नावाचा आवाज इतर शब्दांपेक्षा वेगळा ओळखू लागते, हे १९९५ च्या एका प्रयोगात दिसले आहे. वर्षाचे होईपर्यंत ते हाकेला वळून बघायला हवे. वळत नसेल तर आम्ही कान तपासतो आणि स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणे आहेत का ते बघतो. ही तपासणी महत्त्वाची आहे, पण ती करताना घरात जे नाव चालते त्याच नावाने हाक मारावी लागते. मी केसपेपरवरच्या 'श्रेयस'ला दहा हाका मारल्या तरी 'गोलू' कशाला वळेल? म्हणून डॉक्टरकडे आल्यावर घरचे नाव आधी सांगा, लाजू नका. आणि मूल तीन वर्षांचे झाले की दिवसातून चार वेळा तरी खऱ्या नावाने हाक मारायला लागा. लाडाचे नाव सोडायला मी सांगत नाही.

नावाची पकड मेंदूवर केवढी असते, हे वयाच्या दुसऱ्या टोकालाही दिसते. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहून बाईचे नाव बदलायची पद्धत होती. आज ऐंशीला टेकलेल्या कित्येक आजींची दोन नावे आहेत. स्मृतिभ्रंशात नवे आधी पुसते आणि जुने शेवटपर्यंत टिकते. साठ वर्षे सासरच्या नावाने वावरलेल्या एक आजी हाकेला 'ओ' देत नाहीत म्हणून घरचे हैराण झाले होते. त्यांच्या धाकट्या भावाने येऊन माहेरचे नाव घेतले आणि त्या लगेच म्हणाल्या, "काय रे?"

दगडू, कचरू आणि नकोशी

काही मुलांच्या बाबतीत चिडवायचे नाव वर्गाने दिलेले नसते, ते हजेरीतच लिहिलेले असते.

आपल्या भागातल्या सत्तरीपुढच्या पुरुषांची नावे आठवून बघा. दगडू, धोंडिबा, कचरू, भिका, केरू, कोंडिबा. माझ्यासाठी ही नावे म्हणजे जुना आरोग्य अहवालच आहे. आधीची दोन-तीन मुले दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये, यमानेही दुर्लक्ष करावे, म्हणून दगडाचे, केराचे नाव ठेवत. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली आणि कचरू नावाची बाळे जन्मायची थांबली. त्या नावांत तिरस्कार नव्हता, भीती होती. आणि भीतीचे कारण गेले तशी नावेही गेली.

'नकोशी', 'नकुसा' यांचे तसे नाही. मुलगा हवा असताना आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलीचे ते नाव. ते ठेवले की पुढे मुलगा होतो, अशीही समजूत. हे नाव रोज हजेरीत ऐकायचे, प्रगतिपुस्तकावर वाचायचे. २०११ साली सातारा जिल्ह्यात, तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकाराने, अशा मुलींचा गावोगाव शोध घेतला गेला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात कार्यक्रम होऊन २८५ मुलींना नवी नावे मिळाली. काहींनी सिनेनट्यांची नावे घेतली, काहींनी साधी. पुढे २०१६ मध्ये या नावाची टीव्ही मालिकाही आली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हे काम आरोग्य खात्याने हाती घेतले. नाव हा तब्येतीचा विषय आहे, हे एका सरकारी डॉक्टरने ओळखले.

त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. आपल्या जिल्ह्याचा आकडा ८५२. सहकारी साखर कारखान्यांचा, दुधाचा, शिकलेल्यांचा आपला जिल्हा, आणि हजारामागे ८५२. नकोशी हे नाव ठेवायची वेळच येऊ नये अशी 'सोय' सोनोग्राफीने केली होती, असा त्याचा अर्थ. साताऱ्याला नावे ठेवण्याआधी आपण हा आकडा बघावा.

पठारावरच्या एका गावातून चाळिशीच्या एक बाई तापासाठी आल्या होत्या. नाव विचारल्यावर त्या थांबल्या आणि नवऱ्याने आधार कार्ड पुढे केले. नकुसा. तपासून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, औषधाला बोलवाल तवा नंबरानं बोलवा. नाव मोठ्यानं नका घेऊ." चाळीस वर्षे. तीन लेकरे, दोन एकर डाळिंब, बचतगटाच्या अध्यक्ष. आता आमच्याकडे सगळ्यांनाच नंबराने बोलावतात.

बदलायचे असेल तर

नाव बदलता येते. फक्त वेळेत केले तर सोपे जाते. बाळाचे नाव जन्मनोंदीत घालायचे राहिले असेल तर वर्षाच्या आत फुकट आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, म्हणून तिथले स्पेलिंगसुद्धा नीट बघून घ्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाला हजेरीच्या वेळी याचा किती आधार वाटेल, ते मी सांगायला नको.

मूल शाळेत असताना नाव बदलायचे तर राजपत्रात नोंद करून शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्ती होते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की ही दुरुस्ती फार जिकिरीची होते. म्हणून आठवी-नववीत असतानाच, दहावीचा फॉर्म भरण्याआधी, काम उरका. आणि नवे नाव मुलीला स्वतःला निवडू द्या. आत्यांनी रागावू नये.

काही मुलांना दिलेले नाव आपले वाटत नाही, कारण जन्मतः सांगितलेले लिंगच आपले वाटत नाही. अशी मुले नगरमध्येही आहेत, माझ्याकडे आलेली आहेत. २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळते, अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांनी अर्ज करायचा असतो आणि त्यावरून शाळेच्या कागदांतही नाव बदलता येते. कागद पुढे केव्हा बदलायचा ते सावकाश ठरवता येईल, पण हाक मारायला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेत २०१८ साली अशा १२९ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम, मित्र, यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी त्यांना निवडलेल्या नावाने हाक मारली जात होती, तितके नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी होते. अभ्यास छोटा आहे आणि एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरीही आत्महत्येचे विचार मनात येणारे मूल समोर बसलेले असताना एका हाकेवर अडून बसायला मी कोणालाही सांगणार नाही.

शेवटी आमच्या धंद्यातली एक गोष्ट. केसपेपरवर 'बाळू', आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि रक्ताच्या रिपोर्टवर 'माऊली' असेल तर तिन्ही कागद एकाच मुलाचे आहेत हे आम्हाला कसे कळणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनची मंजुरी नावाच्या फरकामुळे अडकून पडते. आणि दोन पलंगांवर दोन बाळू असतील तर रक्त चढवताना काय होऊ शकते, याची कल्पना तुम्हीच करा. दवाखान्यात नाव लिहिताना आधारवरचेच सांगा, घरचे नाव त्याखाली कंसात लिहायला सांगा. सुई टोचण्याआधी नर्सने तिसऱ्यांदा नाव विचारले तर वैतागू नका, मुलालाच उत्तर देऊ द्या.